वेल्डिंग करताना अचानक होणारी फटफट आणि जोडातील दोष: कारण शोधण्याची रीत

एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, जोड सुरळीत चाललेला असताना अचानक फट्ट असा आवाज होतो, रसाचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा, थेंब उडून हातमोज्यावर किंवा हेल्मेटच्या काचेवर चिकटतो आणि स्लॅग (वर जमलेली खपली) झाडून पाहिले की बीडमध्ये, म्हणजे जोडाच्या रेघेत, टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र दिसते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम मशीनच्या नॉबकडे जातो. अँपिअर थोडे वाढवून पाहावे, नाहीतर थोडे कमी करून पाहावे, असा प्रकार सुरू होतो. कुर्ला, साकीनाका, भांडुप या भागांतल्या गाळ्यांत काय किंवा एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर पावसाळी शेड उभी करताना काय, हे नेहमी घडते. माझे मत असे की नॉबला सर्वांत शेवटी हात लावावा. काल याच सेटिंगवर जोड चांगला येत होता आणि आज येत नाही, याचा अर्थ बहुधा बदल नॉबच्या बाहेर कुठेतरी झालेला आहे: लोखंड बदलले, रॉडचे पुडके बदलले, हवा बदलली, अर्थचा (परतीच्या केबलचा) क्लॅम्प दुसरीकडे लागला किंवा गॅस संपत आला. तो बदल न शोधता सेटिंग हलवली, तर मूळ दोषावर दुसरा दोष चढतो आणि मग दोन्ही ओळखणे अवघड होते.

आवाज रसातून येतो की आर्कमधून

फटफट दोन ठिकाणी जन्मते. पहिल्या प्रकारात रसाच्या आत किंवा खाली वायू तयार होतो आणि तो पृष्ठभाग फोडून बाहेर पडतो. हा वायू म्हणजे जस्ताची वाफ असेल, रंगाचा किंवा तेलाचा धूर असेल, ओलाव्याची वाफ असेल किंवा बंद पाईपमध्ये तापून फुगलेली हवा असेल. आर्क (रॉड आणि लोखंड यांमधली विजेची ठिणगी) चालू राहते, पण मधूनच फट्ट असा सुटा आवाज येतो आणि त्या जागी खड्डा किंवा छिद्र राहते. दुसऱ्या प्रकारात आर्कच अडखळते: सीओटू मशीनमध्ये, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची वायर आणि गॅस वापरणाऱ्या मशीनमध्ये, वायर नीट पुढे येत नाही, प्रवाह मधेच तुटतो किंवा आर्क एका बाजूला ओढली जाते. यात आवाज एकसारखा न राहता तुटक होतो, बीडची रुंदी कमीजास्त होते आणि स्पॅटर, म्हणजे रसाचे शिंतोडे, भरपूर उडतो. छिद्रे मात्र असतीलच असे नाही.

या दोहोंतला फरक ठरवण्यासाठी एक साधी चाचणी पुरेशी आहे आणि ती करण्याचा आळस कधीही करू नये. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा ओळखीचा एमएसचा तुकडा घ्यावा, ग्राइंडरने तो चकचकीत होईपर्यंत घासावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि अर्थचा क्लॅम्प थेट त्या तुकड्यालाच लावावा. मग कोणतीही सेटिंग न बदलता, त्याच रॉडने किंवा त्याच वायरने त्यावर हातभर बीड ओढावी. फटफट थांबली, तर दोष कामाच्या लोखंडात, त्याच्या पृष्ठभागात, जोडाच्या रचनेत किंवा आधीच्या अर्थच्या जागेत आहे. फटफट तशीच राहिली, तर दोष रॉड, वायर, गॅस, केबल किंवा मशीन यांपैकी कशात तरी आहे. क्लॅम्पची शंका वेगळी काढण्यासाठी तुकडा प्रत्यक्ष कामावर ठेवून, क्लॅम्प मूळ जागीच राहू देऊन आणखी एक बीड ओढावी. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्मी कारणे बाजूला पडतात.

लोखंडावर काय आहे, लोखंडाच्या आत काय आहे

मुंबईच्या कामांत फटफटीचे सर्वांत नेहमीचे कारण जस्त हे असते. जीआय पाईप, जीआय पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेले नटबोल्ट हे सगळीकडे वापरले जातात, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, तर पोलाद वितळण्यासाठी साधारण १५०० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे लोखंडाचा रस तयार होण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ झालेली असते आणि ती रसातून वाट काढत राहते. यावर उपाय एकच: जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ ते ५० मिलिमीटर अंतरापर्यंत, आणि शक्य तेथे मागच्या बाजूनेही, मुलामा घासून काढावा. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडायचे असतील तर मधल्या फटीतला मुलामा विसरला जातो आणि नेमका तोच त्रास देतो. तेथे बारीकशी फट ठेवली तर वाफेला मागून बाहेर पडता येते. काम झाल्यावर उघड्या पडलेल्या भागाला जस्तयुक्त रंग लावणे आवश्यक आहे.

जस्ताचा पांढरा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते आणि हा त्रास साधारण एक-दोन दिवस राहतो. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने धूर फुप्फुसात जाणे थांबत नाही. योग्य मास्क, तोंडापासून धूर ओढून घेणारा पंखा आणि मुलामा आधीच काढून टाकणे, एवढेच खरे संरक्षण आहे.

रेड ऑक्साइड प्रायमर, जुना ऑइल पेंट, कटिंग ऑइल, ग्रीस आणि मार्करची जाड रेघ यांचेही असेच होते, फक्त प्रमाण कमी असते. दुकानातून प्रायमर मारूनच आलेल्या चौकोनी पाईपवर थेट वेल्डिंग करण्याची पद्धत फार पसरली आहे, आणि बारीक छिद्रांच्या रांगा हे तिचे ठरलेले फळ आहे. तेल काढताना मात्र एक धोका कटाक्षाने टाळावा. क्लोरीनयुक्त द्रावकांनी, म्हणजे काही प्रकारच्या ब्रेक क्लीनरने किंवा डिग्रीझरने पुसलेल्या लोखंडावर आर्क लावली, तर आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावरची माहिती वाचून क्लोरीनविरहित द्रावकच वापरावा आणि तोही पूर्ण वाळू द्यावा, कारण उरलेला थिनर पेट घेतो.

गंजाविषयी थोडे सविस्तर बोलावे लागते. गंज म्हणजे नुसते लोखंडाचे ऑक्साइड नव्हे. त्यात पाणी बांधलेले असते, आणि वरून कोरडा दिसणारा गंज आर्कखाली वाफ सोडतो. ताज्या लोखंडावर दिसणारी काळसर निळी मिल स्केल, म्हणजे कारखान्यातच धरलेली खपली, ही वेगळी चीज आहे. ६०१३ हा नेहमीच्या कामाचा रॉड पातळ मिल स्केल सहन करतो, सीओटू मशीन मात्र तेवढे सहन करत नाही, आणि आर्गन वेल्डिंगला तर पूर्ण चकचकीत धातूच लागतो. घासताना वायर ब्रशवर विसंबू नये. ब्रश गंज चकचकीत करतो, मुळापासून काढत नाही. फ्लॅप डिस्क किंवा ग्राइंडिंग व्हीलच वापरावे. जून ते सप्टेंबर या काळात सकाळी घासलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत तांबूस झाक येते, म्हणून जेवढे त्या दिवशी जोडायचे तेवढेच घासावे. उघड्यावर ठेवलेल्या लोखंडाला पहाटेचा ओलावा बसलेला असेल, तर जोडाची जागा ब्लो-लॅम्पने हाताला उबदार लागेल इतकी तापवून मगच सुरुवात करावी.

काही वेळा पृष्ठभाग निर्दोष असतो आणि तरीही जोडाच्या अगदी शेवटच्या बोटभर लांबीत रस फट्टकन बाहेर उडतो. चौकोनी पाईपच्या तोंडाला टोपण लावताना, किंवा दोन्ही टोके बंद असलेल्या पाईपवर चहूबाजूंनी जोड मारताना असे होते. आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला शेवटची उघडी जागाच उरते आणि ती रसालाच ढकलून देते. येथे कितीही निष्णात कारागीर असला तरी सेटिंगने काही साधत नाही. पाईपला आडबाजूला तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडावे, पूर्ण जोड मारावा आणि निवल्यावर ते भोक गरजेप्रमाणे स्क्रूने किंवा सीलंटने बंद करावे. तोच गेट पुढे हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंगला जाणार असेल तर भोके बंद करू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ वितळलेल्या जस्ताच्या टाकीत स्फोट घडवते. तेलाचे, रंगाचे किंवा रसायनाचे रिकामे ड्रम आणि इंधनाच्या टाक्या यांना हा उपाय लागू नाही. त्यांत उरलेली वाफ भोक पाडतानाच पेट घेऊ शकते. अशी कामे रीतसर सफाई आणि वायूची तपासणी झाल्याखेरीज घेऊच नयेत.

एक मोठा आवाज असाही असतो की जो जोडातून येतच नाही. कोब्यावर किंवा सिमेंटच्या लादीवर लोखंड ठेवून वेल्डिंग केले, विशेषतः गॅस कटिंग केले, की काँक्रीटच्या आतला ओलावा वाफ होऊन वरचा थर खपलीसारखा उडतो. हा आवाज बंदुकीसारखा असतो आणि तुकडे डोळ्यापर्यंत येतात. काम लोखंडी टेबलावर किंवा घोडीवर उचलून घ्यावे, एवढाच उपाय.

आता लोखंडाच्या आतले. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून आयएस २०६२ या भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित माल घेतला असेल, तर ई२५० ए प्रतीत कार्बन ०.२३ टक्क्यांपेक्षा आणि गंधक ०.०४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसते, आणि असे पोलाद जोडायला सोपे जाते. परंतु दारूखाना या मुंबईतल्या जुन्या लोखंडाच्या बाजारातून आलेला जुना पत्रा, भंगारातला शाफ्ट, ट्रकचा पाटा किंवा लेथवर कातायला सोपा म्हणून आणलेला गोल बार यांच्याबद्दल असे काहीच गृहीत धरता येत नाही. ईएन१ए हा बार मुद्दाम गंधक घालून बनवलेला असतो, त्यात ०.२ ते ०.३ टक्के गंधक असते, म्हणून त्याचा किस सहज तुटतो, आणि त्याच गंधकामुळे जोडात छिद्रे पडतात आणि बीड गरम असतानाच मधोमध चिरते. साफ घासलेल्या बारवरही रस उकळल्यासारखा दिसत असेल तर गंधकाचा संशय घ्यावा आणि शक्य असेल तर तो भाग साध्या एमएस बारचा बनवून घ्यावा. नाइलाजच असेल तर ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड, कमी अँपिअर आणि छोट्या बीड यांनी काम थोडे सुधारते, पण त्या जोडावर मोठा भार सोपवू नये.

पावसाळा आणि रॉड

रॉडवरचे आवरण हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मुंबईत जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. उघडे पुडके गाळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहिले की उघड्या डब्यातल्या पापडासारखी त्याची गत होते. ओला रॉड ओळखण्याच्या खुणा अशा: आर्क लावताच तडतड वाढते, रॉडच्या होल्डरकडच्या भागातून वाफ दिसते, स्लॅग बीडला चिकटून बसतो, आवरणावर पांढरट भुकटी येते किंवा वाकवण्याआधीच आवरण सुटते. दोन रॉड एकमेकांवर आपटले तर कोरड्यांचा आवाज खणखणीत येतो आणि ओल्यांचा बद्द येतो. ही खूण जुनी असली तरी सांभाळून वापरावी, कारण खणखणीत आवाज देणाऱ्या ७०१८ मध्येही हानिकारक इतका ओलावा असू शकतो.

वाळवण्याची रीत रॉडच्या जातीप्रमाणे पूर्ण वेगळी असते, आणि नेमकी येथेच सर्वांत जास्त गल्लत होते. ६०१३ च्या आवरणात थोडा ओलावा मुळातच अभिप्रेत असतो. तो भिजट वाटल्यास १०० ते १२० अंशांवर तासभर वाळवणे पुरेसे आहे, आणि त्याहून फार तापवल्यास आवरण खराब होऊन आर्क उलट बिघडते. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे. त्याला साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास भाजावे लागते आणि नंतर १०० ते १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून लागेल तसे थोडे थोडे काढावे लागतात. नेमका आकडा पुडक्यावर छापलेला असतो आणि तोच अखेरचा प्रमाण मानावा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ या संहितेत साध्या ७०१८ रॉडला ओव्हनबाहेर उघड्या हवेत जास्तीत जास्त ४ तासांची मुदत दिलेली आहे. आपल्याकडच्या दमट हवेत मी त्याहून कमी वेळ धरणे पसंत करतो. तोच रॉड पुन्हा पुन्हा भाजू नये, कारण आवरण ठिसूळ होते. पाईपलाइनच्या कामात वापरला जाणारा ६०१० सारखा सेल्युलोजचा रॉड मात्र ओव्हनमध्ये मुळीच घालू नये. त्याची आर्क आवरणातल्या ओलाव्यावरच चालते.

रॉड प्लेटला चिकटवून लालबुंद करणे, गॅसच्या शेगडीवर धरणे किंवा उन्हात पसरून ठेवणे हे वाळवणे नव्हे. पहिल्या दोन प्रकारांत आवरण जळते, आणि उन्हाने ७०१८ चा आतला ओलावा जाण्याइतके तापमान कधीच मिळत नाही. पाण्यात प्रत्यक्ष भिजलेले रॉड फेकून द्यावेत. रॉडच्या किमतीपेक्षा पुन्हा घासून भरलेल्या जोडाची मजुरी नेहमीच जास्त पडते.

रॉड कोरडा असूनही फटफट होत असेल, तर आर्कची लांबी पाहावी. रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीपेक्षा आर्क लांब गेली की हवा आत शिरते, स्पॅटर वाढतो आणि छिद्रे पडतात. ७०१८ ला तर आर्क जवळजवळ टेकवूनच चालवावी लागते. ७०१८ ने सुरुवात केलेल्या जागी नेहमी छिद्रे दिसत असतील तर जोडाच्या दिशेने थोडे पुढे आर्क लावावी, मागे सुरुवातीच्या जागेवर यावे आणि मग पुढे निघावे, म्हणजे ती पहिली जागा पुन्हा वितळून वायू निघून जातो. एवढे सगळे ठीक असल्यावर अँपिअरचा विचार करावा: ६०१३ साठी २.५० मिलिमीटरला साधारण ६० ते ९५ आणि ३.१५ मिलिमीटरला ९० ते १३० अँपिअर. कमी अँपिअरला रॉड चिकटतो आणि स्लॅग आत अडकतो. जास्त अँपिअरला रॉडचा मागचा अर्धा भाग लाल होतो, आवरण आधीच जळते आणि बीडच्या कडेला खाच पडते.

सीओटू मशीनची फटफट

सीओटू मशीन नीट चालत असताना तव्यावर तेल कढल्यासारखा एकसारखा चर्र आवाज देते. त्यात फट-फट-फट असा तुटक सूर आला, की मी आधी गॅस पाहतो, मग वायरची वाट, आणि सर्वांत शेवटी व्होल्टेज.

गॅसचा पहिला शत्रू आपणच लावलेला पंखा असतो. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाळ्यात पंख्याशिवाय उभे राहणे अशक्य असते, हे खरे आहे. पण ताशी आठ किलोमीटरच्या आसपासचे वारेसुद्धा नोझलभोवतीचे गॅसचे कवच विस्कटते, आणि मग हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन रसात शिरून बीडला मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडतो. पंखा पाठीमागून किंवा वरून फिरवावा, कामाच्या आडवा कधीच नाही. उघड्यावर ताडपत्रीचा आडोसा करावा किंवा सरळ रॉडवर यावे. प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवावा. वारा आहे म्हणून तो २५ लिटरच्या पुढे नेला तर गॅस खळबळून उलट बाहेरची हवाच आत ओढतो. रेग्युलेटरवरचा आकडा हा नोझलवरचा आकडा नसतो. नळीला चीर असेल, जोड सैल असेल किंवा नोझल स्पॅटरने भरले असेल तर मधेच गॅस गळतो. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि नोझल प्रत्येक तासाला साफ करावे.

सिलिंडर भरलेला आहे की नाही हे सीओटूच्या बाबतीत काट्यावरून कळत नाही, कारण आत द्रव असेपर्यंत दाब जवळपास स्थिर राहतो आणि द्रव संपला की झपाट्याने उतरतो. म्हणून सिलिंडर वजन करून तपासावा. सतत जास्त प्रवाह चालवताना गॅस पसरून रेग्युलेटर गोठतो, त्याच्यावर दव किंवा बर्फ दिसते आणि गॅस झटक्याझटक्याने येतो. हीटर जोडलेला असून तो प्रत्यक्ष गरम होतो की नाही, हे हात लावून पाहावे.

वायरची वाट म्हणजे रील, रोलर, लायनर (टॉर्चच्या केबलमधली नळी) आणि टिप (वायर बाहेर येण्याचे तांब्याचे टोक). समुद्राच्या हवेत उघडी राहिलेली रील वरच्या दोन थरांत गंजते, आणि तो गंज लायनरमध्ये साचून वायर अडखळत पुढे येते. रात्री रील प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि रील बदलताना लायनरमध्ये कोरडी हवा मारावी. रोलरचा खाचा वायरच्या मापाचा असावा आणि दाब बेताचा असावा. लाकडाच्या तुकड्यावर टॉर्च तिरका धरून वायर सोडल्यास ती न घसरता वाकली पाहिजे, पण तिच्यावर दाबाचे दात उमटता कामा नयेत. टिपचे भोक झिजून लांबट झाले की प्रवाह मधेच तुटतो आणि हाच तुटकपणा अनेकदा व्होल्टेजचा दोष समजला जातो. ०.८ मिलिमीटरच्या वायरला १.० ची टिप कधीही चालवू नये. नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात टिपा अत्यंत स्वस्त मिळतात. संशय आला की बदलून टाकावी.

इथपर्यंत काही सापडले नाही तरच व्होल्टेज आणि वायरचा वेग यांचे प्रमाण पाहावे. ०.८ मिलिमीटरच्या वायरला पातळ कामासाठी साधारण १६ ते २० व्होल्ट लागतात. व्होल्टेज कमी पडले तर वायर रसात बुडून टॉर्चला मागे ढकलते आणि बीड दोरीसारखी उंच बसते. व्होल्टेज जास्त झाले तर वायरच्या टोकाला मोठा गोळा होऊन तो उडतो आणि आर्क टिपकडे चढते. एका वेळी एकच नॉब, थोडासा, फिरवावा. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर बसवली असेल तर ध्रुव बदलायला विसरू नये: साध्या वायरला टॉर्च धनेवर, तर अशा बहुतेक वायरींना ऋणेवर जोडायचा असतो. चुकीच्या ध्रुवावर मशीन चालते, पण स्पॅटर थांबत नाही.

वीज, अर्थ आणि खेचली जाणारी आर्क

गच्चीवरच्या कामाला तळमजल्याच्या मीटर रूममधून वायर ओढली जाते, आणि ती वायर बहुधा हाताशी असलेली बारीक एक्स्टेन्शन असते. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. चाळीस मीटर जायचे आणि चाळीस मीटर यायचे म्हणजे जवळपास १ ओहम झाला. मशीनने २० अँपिअर ओढले की २३० मधले सुमारे २० व्होल्ट वाटेतच जातात, आणि तेवढा भार ती तार सुरक्षितपणे सोसतही नाही. आर्क मलूल होते, रॉड चिकटतो आणि इन्व्हर्टर मशीन मधेच बंद पडते. अशा अंतराला किमान ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरावी आणि ती गुंडाळी करून न ठेवता पूर्ण उलगडावी.

अर्थचा क्लॅम्प रंगावर, गंजावर किंवा गेटच्या बिजागरीपलीकडे लावू नये. जोडाच्या शक्य तितक्या जवळ, घासलेल्या धातूवर लावावा. केबलच्या टोकांचे लग खाऱ्या हवेत काळे पडतात. दहा मिनिटे काम करून मशीन बंद केल्यावर एखादा लग हाताला चटका देत असेल तर तेथेच वीज वाया जात आहे असे समजावे. घामाने ओला हातमोजा, ओली चप्पल आणि साचलेले पाणी यांसह वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते, कारण रिकाम्या मशीनच्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. पावसात कोरडी फळी आणि कोरडे हातमोजे मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये.

डीसी मशीनवर जोडाच्या टोकाशी किंवा कोपऱ्यात आर्क एका बाजूला खेचली जात असेल, तर ते चुंबकत्वाचे लक्षण आहे. क्रेनच्या चुंबकाने उचललेल्या पत्र्यात हे चुंबकत्व उरलेले असू शकते. सुट्या बारीक तारेचा तुकडा कडेला चिकटतो का, हे पाहून ते कळते. क्लॅम्पची जागा बदलावी, आर्क आखूड करावी, अँपिअर कमी करावे किंवा मशीन देत असेल तर एसीवर यावे.

तडे, आणि दुरुस्ती

छिद्र हे कमजोरीचे लक्षण असते, पण तडा हा त्याहून गंभीर. कडेची खाच आणि अडकलेला स्लॅग यांवर हाताचा कोन आणि वेग सुधारून मात करता येते. तड्याचे तसे नाही. बीडच्या शेवटी ताऱ्याच्या आकाराची चीर दिसली तर आर्क एकदम उचलल्यामुळे खड्डा भरला गेलेला नाही: शेवटी क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन मग आर्क तोडावी. बीडच्या मधोमध उभी चीर पडत असेल तर गंधक, फार मोठी फट किंवा जखडून धरलेला जोड यांचा विचार करावा.

सर्वांत फसवा तडा नंतर येतो. रॉडमधला किंवा गंजातला ओलावा आर्कमध्ये फुटून हायड्रोजन रसात विरघळतो, आणि ईएन८ सारख्या सुमारे ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात, जेथे जोडाशेजारचा भाग निवताना कडक होतो, तेथे तो हायड्रोजन ताण आलेल्या जागी साचतो. तडा बीडच्या कडेला, पृष्ठभागाखाली आणि कधीकधी ४८ तासांनी उघड होतो. म्हणून अशा शाफ्टला जाडीनुसार १५० ते २५० अंशांपर्यंत आधी तापवावे, नीट भाजलेला ७०१८ वापरावा आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडून हळूहळू निवू द्यावे. त्याच दिवशी तपासून माल देऊ नये.

सदोष जोडावर दुसरी बीड चढवणे म्हणजे दोष पुरणे होय. खालचे छिद्र नव्या रसात पुन्हा वायू सोडते आणि फटफट पुन्हा सुरू होते. सदोष भाग चांगला धातू लागेपर्यंत ग्राइंडरने खोदून काढावा, तळ गोलसर ठेवावा, डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चीर दाखवणारा, लाल रंग मारून पुसावा, त्यावर डेव्हलपरचा पांढरा थर द्यावा आणि त्या थरावर लाल रेघ किंवा ठिपका उमटत नाही याची खात्री झाल्यावर, रंग पूर्ण साफ करून, मगच भरावे. लहान छिद्रे लांबी (पुट्टी) भरून, वरून ऑइल पेंट मारून झाकण्याची सवय विशेष हानिकारक आहे, कारण पहिल्याच पावसाळ्यात पाणी त्या वाटेने आत जाते आणि पाईप आतून सडतो. बाल्कनीचे कठडे, जिने आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड यांच्या जोडांत तडा आढळला तर तेवढाच जोड न बदलता त्याच रॉडने, त्याच दिवशी मारलेले बाकीचे सर्व जोडही याच पद्धतीने तपासून घ्यावेत.